डावा की उजवा

“मग चूक होते कुठं, चाचा? कानात की मनात?”

डॉक्टर विदुला रिसबुडांना प्रश्न नेहमी चपला काढायच्या आधीच पडत. आत्ताही एक चप्पल पायात होती आणि एक हातात.

“आत तर ये,” बंदूचाचा म्हणाले. “चूक काय कुठं पळून चालली नाही.”

मिरजेत तंबोरे करणाऱ्यांची एक गल्ली आहे. त्या गल्लीतलं शेवटचं दुकान चाचांचं. खरं नाव बंदेनवाज, वय अठ्ठ्याहत्तर. मांडीवर तंबोरा आडवा, हातात बारीक कानस. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, ती घासून घासून अशी करायची की सूर नुसता वाजू नये, फुलून यावा. याला जवारी काढणं म्हणतात. मिरजेत ही विद्या जाणणारे थोडे, आणि चाचांच्या हाताला मानणारे गवई पार धारवाडपासून ग्वाल्हेरपर्यंतचे.

डॉक्टरबाई मेंदूच्या अभ्यासक. गावाबाहेरच्या एका संस्थेत त्यांचं मोठं यंत्र होतं. माणसाला त्यात आडवं करायचं, काही दाखवायचं, काही ऐकवायचं, आणि मेंदूचा कुठला कोपरा जागा होतो ते पडद्यावर बघायचं. वर्षापूर्वी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, “आवाज सुंदर कधी होतो, ते मला तुमच्या डोक्यात बघायचंय.”

“डोकं राहू द्या,” चाचा म्हणाले होते. “हात बघा आधी.”

हात बघायला त्या दर रविवारी येऊ लागल्या. हळूहळू चाचांच्या तोंडी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. पण कानस काही चाचांनी त्यांच्या हातात दिली नाही. नुसतं बसायचं आणि ऐकायचं. तीन विद्यापीठांच्या पदव्या असलेल्या बाईच्या मनाला ते लागायचंच. त्या बोलून दाखवत नसत एवढंच.

त्या आत आल्या. तंबोऱ्यांच्या भोपळ्यांच्या उतरंडीशेजारी बसल्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

“झोपली नाहीस?”

“काल झोपले. त्याआधी आठवडाभर नाही.”

चाचांनी एक तार छेडली. घोडीवर कानस दोनदा फिरवली. पुन्हा छेडली.

“बोल.”

“दिवाळीत मी पेढे आणले होते. आठवतंय?”

“आठवतंय की. तुझी कसली ती रेघ सपाट आली होती.”

आली होती खरी. बाईंचा मोठा प्रयोग चालू होता. माणसाच्या कपाळामागं, डोळ्यांच्या जरा वर एक जागा असते. सुंदर काही दिसलं की ती जागी होते. कुणी चांगलं वागल्याची गोष्ट ऐकली तरी तीच जागी होते. एका खोलीत दोन भाडेकरू राहावेत, तसं. त्यामुळं होतं काय, की देखणा माणूस दिसला की तो चांगलाही असणार असं वाटून जातं. आणि ज्याच्या चेहऱ्यावर व्रण आहे, डाग आहे, तो मनानंही वाईट असेल असं... वाटून जातं. विचार करायच्या आधीच.

बाई लोकांना यंत्रात झोपवून चेहरे दाखवत. काही नितळ, काही व्रणांचे. मग प्रत्येकाची पडद्यावरची रेघ बघत. बहुतेकांची रेघ व्रण दिसला की दचकत होती. एक दिवस त्या स्वतःच यंत्रात शिरल्या.

त्यांची रेघ हलली नाही.

“चाचा, मी त्यातली नाही!” असं म्हणत त्यांनी तेव्हा गल्लीभर पेढे वाटले होते. चाचांनी पेढा खाल्ला होता. मधुमेह असूनही खाल्ला होता.

“मग आता काय झालं?”

“आमच्याकडं हौसाताई म्हणून आहेत... होत्या. आलेल्या माणसांना यंत्रासाठी तयार करायचं काम. अंगावरचं सगळं काढून घ्यावं लागतं. बायका आपलं मंगळसूत्र त्यांच्या हातात द्यायच्या आणि आत जायच्या. कधी एक मणी हरवला नाही.”

“बरं.”

“त्यांचा चेहरा भाजलेला आहे. लहानपणी स्टोव्ह भडकला होता.”

“बरं.”

“पंधरा दिवसांपूर्वी लक्षात आलं, की येणाऱ्या माणसांना कुणीतरी आधीच सांगतंय. आत डागांचे चेहरे दाखवतील, त्यांना वाईट म्हणू नका हं. असं सांगितलं की प्रयोगच बिघडला. दोन वर्षांचं काम...” बाई थांबल्या. “मला कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. मनात सरळ आलं, या हौसाताईच. दुसरं कोण असणार? तिथं आणखी एक मुलगी आहे, केतकी. गोड बोलते, गोड दिसते. तिच्याकडं माझं मन गेलंच नाही.”

“मग?”

“सगळ्यांच्या देखत हौसाताईंना म्हटलं, उद्यापासून येऊ नका.”

“ती काय म्हणाली?”

“‘बरं’ म्हणाल्या. डबा घेतला आणि गेल्या.”

चाचांची कानस थांबली होती.

“आणि मागच्या रविवारी केतकी रडत घरी आली. तिनंच सांगितलं होतं सगळ्यांना. हौसाताई बाहेर बसलेल्या असतात आणि आत लोक तसल्या चेहऱ्यांना वाईट म्हणतात, हे तिला बघवेना. तिनं दयेपोटी केलं, चाचा. आणि मी...”

बाईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“मला सगळं माहीत होतं. हीच चूक माणसं करतात, हे मी जगाला सांगत फिरते. भाषणं देते यावर. मग मी कशी केली?”

चाचा हसले. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती.

“तुला ते कोल्हापूरचं सांगितलं का मी?”

“नाही.”

“चाळीस वर्षं झाली. एका गाणाऱ्या बाईंचा तंबोरा होता. नक्षीला आमचा थोरला भाऊ बसला. पोपट काढले, वेली काढल्या. बघतच राहावं असं काम. मग जवारी काढायला माझ्यापुढं आला. तार छेडली. वा! काय गोड लागला म्हणून सांगू. चार वेळा कानस फिरवली आणि दिला पाठवून.”

“मग?”

“वर्षानं कोल्हापुरात गाणं होतं. मी उशिरा पोचलो. आत जागा नाही, म्हणून मांडवाबाहेर कनातीला टेकून उभा. आतनं तंबोरा ऐकू यायला लागला. सूर असा दाबल्यासारखा, मेलेला. शेजाऱ्याला म्हटलं, काय ओ, कुणा गाढवानं जवारी काढलीय याची? तो म्हणाला, मिरजेचा आहे म्हणे. पोपटांची नक्षी आहे.”

बाईंना हसू आलं. आठवड्यात पहिल्यांदाच आलं असावं.

“मलाबी माहीत होतं की बेटा. आमच्या वडिलांनी मारून मारून शिकवलं होतं, डोळ्यानं ऐकू नको म्हणून. माहीत असून ऐकलंच ना?”

“मग तुम्ही काय केलंत?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या दारात. कानस घेऊन. तेव्हापासून आमच्या दुकानात जवारी आधी, नक्षी मागनं. मला अजून पोपटांचा तंबोरा गोडच लागतो. म्हणून तर तो आधी कोरा ठेवायचा.”

बाहेरून एक हातगाडी गेली. भोपळ्यांवरची धूळ उन्हात दिसत होती.

बाई सावरल्या. शिकलेल्या माणसाला दृष्टांत मिळाला की थोडं बरं वाटतं. त्यांनी पिशवीतून एक लिफाफा काढला.

“मी पत्र लिहिलंय त्यांना. माफीचं. आठ दिवस लिहीत होते. काल पुरं झालं. आज पोस्टात टाकणार आहे, पण आधी तुम्ही ऐका.”

“वाच.”

त्यांनी वाचलं. पत्र दोन पानी होतं. त्यात कुठंही सबब नव्हती, कुठंही रडगाणं नव्हतं. एका ठिकाणी होतं, “तुम्ही ‘बरं’ एवढंच म्हणालात, आणि त्या एका शब्दापुढं माझी सगळी विद्या मुकी झाली.”

“ते पुन्हा वाच,” चाचा म्हणाले.

बाईंनी पुन्हा वाचलं. या खेपेला जरा सावकाश.

“वा!”

बाईंच्या गालांवर लाली आली. त्यांना स्वतःलाही ती जाणवली असावी, कारण त्यांनी पदर उगाच सारखा केला.

“खरंच चांगलं झालंय?”

“सुंदर झालंय. हे लिहून झाल्यावर काल तुला झोप लागली, नव्हं?”

“हो.”

“किती?”

“सात तास... एकदम गाढ.”

“म्हणजे औषध लागू पडलं.” चाचांनी घोडीवरचा भुसा फुंकरीनं उडवला. “दुखणं तिचं आणि गोळी तू खाल्लीस.”

बाईंच्या हातातली पानं खाली आली.



“पण चाचा... माफी तर मागायलाच हवी ना?”

“हवी की.”

“मग लिहायचं नाही तर काय करायचं?”

चाचा काहीतरी आठवत होते.

“राहते कुठं ती?”

“स्टेशनमागच्या वसाहतीत. ऑफिसच्या रजिस्टरमध्ये पत्ता मिळाला.”

“तिकडनं एक बाई येते मंडईला. उंच आहे. रविवारी मेथी घेते, एकेक जुडी सोडून बघून. तिचा गाल असा भाजलेला...” चाचांनी आपला हात उचलला, आणि तो चेहऱ्यापाशी नेता नेता मध्येच थांबवला. “तीच का?”

“हो, तीच असेल.”

“डावा गाल, का उजवा?”

“ड...”

बाई थांबल्या.

त्यांनी डोळे मिटले. संस्थेचा दरवाजा त्यांना आठवला. दरवाज्याजवळचं टेबल आठवलं, टेबलावरची दागिन्यांची स्टीलची डबी आठवली. हौसाताईंच्या हातातल्या हिरव्या बांगड्या आठवल्या. चपलेचा शिवलेला अंगठा आठवला. ‘या बाई’ म्हणणारा आवाज अगदी कानात वाजला.

“उजवा... नाही. थांबा हं.”

चाचा थांबले.

“टेबल भिंतीला लागून आहे. मी आत येते तेव्हा त्या... त्या माझ्याकडं वळतात... म्हणजे...”

त्या बोटानं हवेत टेबल काढत होत्या. टेबल, दार, खुर्ची. ज्या बाईनं माणसाच्या मेंदूतले मुगाएवढे कोपरे नावानिशी पाठ केले होते, ती एका चेहऱ्याचा गाल हुडकत होती.

“किती वर्षं आहे ती तुझ्याकडं?” चाचांनी हळूच विचारलं.

“चार.”

“रोज?”

“रोज. सकाळ-संध्याकाळ.”

बाईंचा हात हवेतच राहिला. मग खाली आला.

“मला वाटायचं मी सभ्यपणे वागतेय,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. “टक लावून बघू नये माणसाच्या व्यंगाकडं... लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून मी बोलताना त्यांच्या हाताकडं बघायचे. टेबलाकडं बघायचे.”

चाचांनी मांडीवरचा तंबोरा उचलून बाजूला ठेवला. काम चालू असताना ते असं कधी करत नसत.

“आणि यंत्रातही... यंत्रातही मी तेच केलं असणार. व्रण आला की नजर बाजूला, कानाकडं, नाहीतर पडद्याच्या कडेकडं. आम्ही नजर मोजलीच नव्हती.” बाईंनी चाचांकडं बघितलं. “माझी रेघ सपाट आली, चाचा. ती चांगुलपणानं आली नव्हती. मी बघतच नव्हते.”

आणि मग त्या रडल्या. रडायची सवय नसलेलं माणूस रडतं तसं, वेडंवाकडं, नाक ओढत, मध्येच खोकत. दोन पानांतलं एक पान त्यांच्या मुठीत चुरगळलं. त्यांना तेही कळलं नाही.

चाचांनी रडू दिलं. त्यांनाही वाईट वाटत होतं. या पोरीवर त्यांचा जीव होता. तीन लेक झाले, पण शेजारी बसून नुसतं ऐकत राहणारं लेकरू अल्लानं त्यांना या वयात दिलं होतं, आणि ते असं मोडून पडलेलं बघणं सोपं नव्हतं. दोनदा त्यांचा हात तिच्या डोक्याकडं गेला आणि परत आला. तिसऱ्यांदा त्यांनी तो ठेवलाच.

“पुरं आता.”

“मी वाईट आहे का, चाचा?”

“नाहीस.”

“मग?”

“खरखर ऐकू आली की कान फिरवायचा, ही सवय आहे तुझी. मी वर्षभर बघतोय. गोड सूर लागला की तू पुढं सरकतीस, आणि मी खरखरीवर काम करायला लागलो की तू गोष्टी सांगायला सुरुवात करतीस. म्हणून कानस दिली नाही तुला. जवारीचं सगळं काम तिथंच असतंय, जिथं बरं लागत नाही.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू वहीत लिहून घेतलं असतंस.”

रडता रडताच बाई हसल्या. वही त्यांच्या पिशवीत होतीच.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते. चाचा घड्याळाकडं बघून म्हणाले, “आज ती घरी असेल का?”

“रविवार आहे. असतील.” बाईंनी पत्राची पानं एकत्र केली, घडी घातली. लिफाफ्यात घालायला गेल्या आणि थांबल्या. “हे... नको ना?”



बाईंनी पानं त्यांच्यासमोर भुशावर ठेवली.

“कामावर परत या, असं म्हणू?”

“ते ती ठरवेल.”

“सगळ्यांच्या देखत बोलले होते. माफीही सगळ्यांच्या देखत मागायला हवी.”

“मागशील. उद्या. आज कुणाला दाखवायला जायचं नाही.”

“आणि त्यांनी दारातूनच परत पाठवलं तर?”

“तर परत येशील. लांब थोडंच आहे?”

बाई उठल्या. पिशवी खांद्याला लावली. चप्पल घालायला उंबऱ्याशी आल्या आणि तिथल्या कपाटाच्या काचेत त्यांना स्वतःचं रूप दिसलं. डोळे सुजून बारीक झालेले. नाक लालबुंद. एका गालावर लाकडाचा भुसा आसवांनी चिकटून त्याची राड झालेली. केस एका बाजूनं सुटलेले.

“अगं बाई!” त्या म्हणाल्या. “अशी कशी जाऊ मी? काय म्हणतील त्या? एक मिनिट, तोंड धुऊन घेते.”

दाराजवळ पाण्याची घागर होती. तिच्यावर तांब्या पालथा ठेवलेला होता. बाईंनी हात पुढं केला.

बंदूचाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. तीन पावलं चालत आले. तांब्या उचलला आणि आपल्या पाठीमागं धरला.

“चाचा... द्या ना. बघवत नाही हो असं.”

म्हातारा हलला नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

“तशीच जा, बेटा,” चाचा म्हणाले. “ती चार वर्षं तशीच येत होती.”